पहिल्या चढाची कळ

चाँदभाई, तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. गावात तुमच्याविषयी इतकं चांगलं बोललं जातंय की तुमचं तुम्हालाच ओळखू आलं नसतं. चावडीवर, पिठाच्या गिरणीत, माझ्या दवाखान्याच्या ओट्यावर, सगळीकडे तुम्ही एकदम शांत, कधी कुणाला उलटून न बोलणारा माणूस होऊन बसला आहात. तुम्ही हट्टी होतात, हे कोणी काढत नाही. बिडी लपवायला तुम्ही माझ्याच दवाखान्याच्या खिडकीमागचा कोनाडा वापरायचात, हेही कोणाला ठाऊक नाही. परवा झाडलोट करताना तिथे अर्धी विझवलेली बिडी सापडली. मी ती टाकून दिली, आणि मग दिवसभर टाकायला नको होती असं वाटत राहिलं.

मातीला मी आले नाही. तुमच्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत म्हणून आले नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. गावातले लोक माझ्याकडे बघून मान हलवत होते, "बाईंनी लई केलं, पन वेळ आलीवती," असं म्हणत होते, आणि ते ऐकत उभं राहण्याची माझ्यात ताकद नव्हती.

तीन वर्षांपूर्वी मी नगरहून या सरकारी दवाखान्यात आले, तेव्हा बाळंतपणं सोडली तर माझ्याकडे कोणी फिरकत नव्हतं. पुरुषमाणसं दारापर्यंत यायची, आत डोकवायची, "डागदर न्हाईत का?" असं मलाच विचारायची आणि कर्जतची वाट धरायची. तुम्ही पहिले, जे आत येऊन स्टुलावर बसलात. अंगभर दगडाची भुकटी, खांद्यावर रुमाल, आणि डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. मी बोटांकडे बघितलं तर तुम्ही म्हणालात, "ती जुनी गोष्ट हाय. सुरुंगानं नेली. त्याच्यासाठी न्हाई आलो."

"मग?"

"छातीत गॅस धरतोय."

कधी धरतो, विचारलं. सकाळी, म्हणालात. घरातून निघून पिराच्या टेकडीचा चढ लागला की छाती आवळते, डावा हात जड पडतो. जरा उभं राहिलं की जातं.

"आणि दिवसभर काम करताना?"

"न्हाई ना! तेच तर म्हनतो. दिवसभर पहार मारतो, इहिरीत उतरतो, दोराला धरून वर येतो, काय बी न्हाई. फकस्त पहिल्या चढाला. गॅसच हाय. सकाळच्या चहाचा."

गॅस नव्हता, हे मला तुमच्या डाव्या हातावरूनच कळलं होतं. पण पहिल्या चढाला होतं आणि दुसऱ्याला होत नाही, हे काय? पुस्तकात याबद्दल दोनच ओळी होत्या. काही रोग्यांची कळ चालत राहिल्यावर निघून जाते, नंतरच्या श्रमाला ते जास्त टिकतात, कारण नीट समजलेलं नाही. बस्स. मला ते डोळ्यांनी बघायचं होतं. आज वाटतं, मी तेव्हा तुमच्या जिवाशी खेळले. तुम्हाला मात्र त्या सकाळची आठवण काढून नेहमी हसू यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मनगटावरचं घड्याळ आणि जिभेखाली धरायच्या गोळ्या घेऊन टेकडीच्या पायथ्याशी उभी राहिले. तुम्ही चालायला लागलात. निम्म्या चढावर, चुना लावलेल्या दगडापाशी, तुम्ही थांबलात आणि मूठ छातीवर गेली. तोंड राखेसारखं झालं. मी वर धावत आले. तुम्ही हातानंच मला थांबवलंत. दोन-तीन मिनिटांत कळ गेली. खाली येऊन आपण दहा मिनिटं बसलो, आणि तुम्ही परत निघालात, त्याच चालीनं. चुन्याचा दगड गेला, वरचं वळण गेलं, दर्ग्याच्या निशाणाखाली जाऊन तुम्ही उभे राहिलात आणि तिथून ओरडलात, "बाई, गॅस गेला!"

गावातल्या बायका पुढे कितीतरी दिवस मला विचारत होत्या, की चाँदभाईला टेकडीवर चढवून तुम्ही कुठला आजार बरा केला?

त्याच दिवशी मी केसपेपरच्या मागच्या बाजूला तुम्हाला हृदयाचं चित्र काढून दाखवलं. म्हटलं, हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं, ते नेणारी तुमची एक नळी आतून अरुंद झाली आहे. श्रम केले की आतल्या पेशींना प्राणवायू कमी पडतो.

"पेशी? कोर्टातली?"

मी हसले. पेशी म्हणजे शरीराचा सगळ्यात बारका तुकडा, म्हटलं. हृदय अशा कोट्यवधी पेशींचं बनलेलं असतं आणि प्रत्येक पेशी जन्मापासून आकुंचन पावत असते, एका ठोक्याचीही सुटी नाही. हवा तोडली की ती आधी काम सोडते. ठोका देणं बंद करते, पण मरत नाही. साठवलेल्या साखरेवर, हवेशिवाय, थोडा वेळ धुगधुगी धरून राहते. तेवढ्यात रक्त परत आलं तर सावरते. अर्धा तास, पाऊण तास नाही आलं, तर मग मरायला लागते, आणि मेलेली पेशी परत येत नाही.

तुम्ही त्या चित्रातल्या अरुंद नळीवर बोट ठेवलंत. मग म्हणालात, "बराबर हाय तिचं. इहिरीचं पानी आटलं की आमी बी पहिलं पिकाचं पानी तोडतो. प्यायचं तेवढं ठेवतो. पीक मान टाकतं, पन घर जगतं."

मला शिकवणाऱ्या कुठल्याच प्राध्यापकानं हे इतक्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं, चाँदभाई. मी तेव्हा तसं म्हणाले नाही. डॉक्टरनं रोग्यासमोर एवढं खूश होऊ नये असं मला वाटायचं.

"पन मंग दुसऱ्या खेपेला का न्हाई दुखत?" तुमचा पुढचा सवाल.

मी म्हटलं, मुख्य वाट अरुंद झाली की शरीर आडवाटा काढतं. शेजारच्या बारीक नळ्या रुंद होतात, तिकडून रक्त पोचतं.

"किती दिवसांत पडती आडवाट?"

"काही महिन्यांत."

"आन् मी खाली बसलो किती? धा मिनिटं." तुम्ही शांतपणे रुमाल झटकलात. "धा मिनिटांत वाट पडत न्हाई, बाई. वाट तीच हाय. त्या पेशी शिकल्या. पहिल्या चढाला त्यांना उपास घडला, तवा त्या सावध झाल्या. दुसऱ्या चढाला त्या जपून खात्यात."

मी म्हटलं, पेशी शिकत नसतात.

"तुमी बगितल्यात?"

तीन वर्षं आपण त्यावर भांडलो. मी म्हणायची, पहिल्या श्रमानं नळ्या सैल पडत असतील. तुम्ही म्हणायचात, विहिरीत सुरुंग उडाल्यावर पहिल्यांदा थोडंच उतरायचं, डोकं गरगरलं की वर यायचं, मग दुसऱ्यांदा माणूस जास्त टिकतो, हे तुमच्या बापानं तुम्हाला शिकवलं आहे आणि त्याला कुठल्या नळ्या ठाऊक नव्हत्या. मी म्हणायची, तो सवयीचा भाग. तुम्ही म्हणायचात, "मंग सवय कुनाला लागती? शरीरालाच ना?" हे असं. बाकीचे रोगी बाहेर ताटकळत, आणि आपण आत पेशींवर.

गोळीचीही मजा झाली होती. पहिल्यांदा जिभेखाली धरलीत आणि थोड्या वेळानं कपाळ दाबत म्हणालात, "ही डोकेदुखी माज्या वळखीची हाय." जिलेटीनच्या कांड्या उघड्या हातानं हाताळल्या की तुमचं डोकं असंच ठणकायचं. मी कपाळावर हात मारला. मला आधी सुचायला हवं होतं. सुरुंगाच्या कांडीत जे द्रव्य असतं, त्याचाच कणभर अंश त्या गोळीत असतो. तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही गोळीची बाटली उजेडाकडे धरलीत. "म्हंजे जल्मभर ज्यानं दगड फोडला, त्यावरच आता काळीज चालायचं," म्हणालात. पुढे कोणी विचारलं की सांगायचात, बाई मला सुरुंग खायला घालतात.

काम सोडा, असं मी तुम्हाला किती वेळा सांगितलं असेल. तुम्ही पहार सोडलीत. विहिरीत उतरणं कमी केलंत. भोकं पाडायला दुसरे, कांडी भरायला आणि वात लावायला तेवढे तुम्ही. मग हा दुष्काळ पडला आणि ते तेवढंही माझ्या हातात राहिलं नाही. नदी गेली, ओढा गेला, बायका अडीच मैलांवरून पाणी आणायला लागल्या. गावाची पिण्याची विहीर खोल करायचं सरकारी काम निघालं. सात परस खोल ती आधीच होती, म्हणजे सात माणसं हात वर करून एकावर एक उभी राहतील एवढी. आणखी दोन परस खाली जायचं होतं आणि खाली सगळा काळा दगड. पंचक्रोशीत त्या दगडाला हात घालणारे तुम्ही एकटे. मी कुठल्या तोंडानं नको म्हणणार होते? माझ्या दवाखान्यातसुद्धा सुया उकळायला पाणी तुमच्या घरच्या, हलिमाभाभी, डोक्यावरून आणून देत होत्या.

त्या दिवसाचं मी अजून कोणाशी बोलले नाही. तुमच्याशीसुद्धा पूर्ण बोलले नव्हते.

आदल्या संध्याकाळी तुम्ही सुरुंग उडवले होते आणि सांगून गेला होतात, उद्या मी येईपर्यंत कोणी उतरायचं नाही. दोन दिवस वारा पडलेला होता. सकाळी तुम्ही गोळ्या घ्यायला दवाखान्यात आलात आणि माझ्यामुळे तुम्हाला उशीर झाला. तुमचा रक्तदाब जास्त निघाला, मी तुम्हाला स्टुलावर बसवून ठेवलं, परत घेते म्हटलं. तेवढ्यात विहिरीवरचा माणूस ओरडत आला. कामावरचे दोघे, भानुदास आणि किसन, खाली उतरले होते. फुटलेला दगड भरून वर द्यायला. दोघंही हाकेला ओ देत नव्हते.

तुम्ही उठलात ते बाण सुटल्यासारखे. मी बॅग घेऊन मागे. विहीर अर्ध्या मैलावर. गावाबाहेरच्या चढावर तुमचे पाय एकदम थांबले, मूठ छातीवर गेली. मी ओरडले, "बसा खाली! मी जाते पुढे." तुम्ही गोळी जिभेखाली टाकलीत, बाभळीला टेकलात, डोळे मिटलेत. मी नाडी धरली होती. मग तुम्ही डोळे उघडलेत आणि चालायला लागलात, पहिल्यापेक्षा जोरात.

विहिरीवर पन्नासेक माणसं नुसती वाकून बघत होती. तुम्ही शिव्या दिल्यात. आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्या तोंडून शिव्या ऐकल्या. कंदील पेटवून दोरानं खाली सोडायला लावलात. तळापासून तीन परस वर असतानाच तो मिणमिणला आणि विझला. तुम्ही लिंबाच्या मोठ्या डहाळ्या तोडायला लावल्यात, दोराला बांधून वरखाली, वरखाली करायला लावल्यात, म्हणजे खालची वाईट हवा ढवळून निघेल. घागरींनी पाणी ओतायला लावलंत, असल्या दुष्काळात, प्यायचं पाणी. आणि ते चालू असतानाच दगड वर काढायच्या यारीचा दोर कमरेला बांधायला घेतलात.

मी तुमचा दंड धरला. सगळ्या गावासमोर.

"चाँदभाई, तुमचं हृदय हे सोसणार नाही. दुसरा कोणी उतरेल."

"दुसऱ्याला गाठ मारता येत न्हाई, श्वास धरता येत न्हाई. तो बी तिथंच पडंल."

"तुम्ही मराल."

तुम्ही माझा हात काढलात. हळूच काढलात, झटकला नाही. "बाई, आत्ताच वाटंला कळ येऊन गेली. आता ते सावध हाय," म्हणालात आणि कडेवरून पाय सोडलेत.

किती वेळ लागला ते मी घड्याळात बघितलं नाही. दोर हलला, यारी फिरली, किसन वर आला, निळा पडलेला, पण श्वास होता. त्याच्या मागोमाग तुम्ही. कडेवर ओणवे पडून तुम्ही चार-सहा श्वास घेतलेत, आणि मी किसनवर वाकले असताना परत खाली गेलात. मला कळलंही नाही. दुसऱ्या खेपेला जास्त वेळ लागला. भानुदास दगडाखाली पाय अडकून पडला होता, हे तुम्ही नंतर सांगितलंत.

भानुदासच्या तोंडाला तोंड लावून मी अर्धा तास श्वास भरला. एका बाईनं परक्या पुरुषाला असं करावं, हे गावानं कधी बघितलं नव्हतं, पण कोणी शब्द काढला नाही. त्याची आई माझ्या समोर बसून त्याचे पाय चोळत होती. सव्वीस वर्षांचा, तालमीतला पोरगा. तो नाही आला परत. मी वर बघितलं तेव्हा तुम्ही विहिरीच्या दगडाला पाठ लावून बसला होतात, ओठ काळेनिळे, अंगाला घाम. मी विचारलं, कळ आहे? तुम्ही मान हलवलीत. "हाय. पन ही जात न्हाई."

खडीच्या कामावरच्या साहेबांची जीप मिळाली. नगरपर्यंत तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी पेथिडीनचं इंजेक्शन दिलं होतं, त्या गुंगीत तुम्ही एकच विचारत होतात, "कोन आधी काढला मी?"

नगरच्या मोठ्या डॉक्टरांनी तुमचा कार्डिओग्राम काढला. दुसऱ्या दिवशी परत काढला. मग मला बाहेर बोलावून म्हणाले, अशा वयात, आधीची छातीदुखी असताना, त्या हवेत दोनदा उतरून एवढे श्रम, याच्या हृदयाचा निम्मा भाग मरायला हवा होता. हा जिवंत यायलाच नको होता. आणि जखम बघा केवढीशी आहे. त्यांनी कागदाच्या पट्टीवर नखानं दाखवली. असं कसं, मी विचारलं. ते म्हणाले, असतं एखाद्याचं दैव.

मी ती पट्टी हातात घेऊन व्हरांड्यात उभी राहिले, चाँदभाई. माझ्या डोळ्यांसमोर बाभळीला टेकलेले तुम्ही होतात. वाटेवरची ती पहिली कळ. त्या दोन-तीन मिनिटांच्या उपासानं तुमच्या पेशींनी खरोखर काही आवरून घेतलं असेल का? आणि तीन वर्षं रोज सकाळी पिराच्या चढावर त्यांचा हाच सराव झाला होता का? तुम्ही श्वास धरण्यात तरबेज होतात, भानुदासपेक्षा खाली कमी वेळ होतात, तोवर हवा ढवळली गेली होती, हे सगळं मला दिसत होतं. एका पट्टीवरून काही सिद्ध होत नाही, हेही मला शिकवलं गेलं होतं. तरी त्या व्हरांड्यात मला पहिल्यांदा वाटलं की आपल्या भांडणात तुम्ही बरोबर असू शकता.

आणि हे मी तुम्हाला सांगितलं नाही.

कारण उपाय ठरलेला होता. सहा आठवडे अंथरूण. उठायचं नाही, स्वतःच्या हातानं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. मेलेल्या पेशींच्या जागी घट्ट व्रण धरेपर्यंत हृदयावर ताण पडता कामा नये. सगळीकडे हेच करतात. तुमचं म्हणणं बरोबर असेल असं मी एका शब्दानं जरी म्हटलं असतं, तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी टेकडीवर दिसला असतात. म्हणून मी तोंड घट्ट केलं. गावी आणून तुम्हाला खाटेवर घातलं आणि सांगितलं, हे असंच आहे, यात शंका नाही, हललात तर मराल.

तुमच्यासारख्या माणसाला सहा आठवडे निजवून ठेवणं काय असतं, ते मी बघत होते. पहिल्या आठवड्यात तुम्ही भांडलात. लिंबापर्यंत जाऊ द्या, म्हणालात. न्हाणीपर्यंत तरी. दुसऱ्या आठवड्यापासून भांडण संपलं आणि तुम्ही भानुदासवर आलात.

"किसन हाताशी हुता, म्हनून त्याला आधी बांधला. भानुदास पलीकडं हुता. त्याला आधी काढला असता तर?"

"तर किसन गेला असता."

"न्हाई सांगता येत."

"नाही सांगता येत," मी कबूल केलं.

"तो एवढा तगडा, बाई. मी म्हातारा, निम्मं काळीज गेलेला. तो कसा गेला?" मग तुमचं तुम्हीच उत्तर दिलंत, छताकडे बघत. "त्याच्या काळजाला कधी उपासच घडला न्हवता."

मी त्या वेळी तुमचा रक्तदाब घेत होते. मी पाऱ्याकडे बघत राहिले.

चौथ्या आठवड्यात विहिरीला पाझर लागला. तुमच्याच शेवटच्या सुरुंगानं मोकळ्या झालेल्या भेगेतून. बोटाएवढी धार, पण गोडं पाणी. हलिमाभाभींनी तांब्या भरून आणला. तुम्ही पालथ्या हातानं डोळे पुसलेत आणि म्हणालात, मला ते बघायचंय. मी म्हटलं, सहा आठवडे झाले की मी स्वतः नेईन. तुम्ही म्हणालात, "तवर हे सगळं इसरंल, बाई." छातीवर थोपटून दाखवलंत. "रोजचा चढ बंद झाला. हे इसरंल."

मी म्हटलं, "पेशी शिकत नाहीत आणि विसरतही नाहीत. निजा."

सहा आठवडे पुरे झाले त्या सकाळी मी सात वाजताच आले. तुम्ही दाढी करून, धुतलेला सदरा घालून तयार. पाय काडीसारखे झाले होते. हातात काठी, एका बाजूला मी, मागे हलिमाभाभी. गल्लीतली माणसं उभी राहून सलाम करत होती. किसन पुढे आला, तुम्हाला आधार द्यायला, तर तुम्ही त्याला म्हणालात, "तू लांब हो, मला पानी बघायचंय, तुला न्हाई."

गावाबाहेरच्या चढावर तुम्ही थांबलात. मूठ छातीवर. मी गोळी काढून तुमच्या जिभेखाली धरली, म्हटलं बसा.

"थांबा, बाई. पहिली हाय. जाईल." तुम्ही हसलात.

आणि चाँदभाई, मी थांबले. एवढी वर्षं भांडल्यावर त्या क्षणी मी तुमचं ऐकलं. मी घड्याळ बघत उभी राहिले आणि मनातल्या मनात म्हणत राहिले, जाईल, दोन मिनिटांत जाईल, मग हा माणूस नेहमीसारखा जोरात चालायला लागेल. तीन मिनिटं झाली. तुमच्या कपाळावर घाम आला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि अगदी हलक्या आवाजात म्हणालात, "ही येगळी हाय." मग तुमचा सगळा भार माझ्या खांद्यावर आला.

रस्त्याच्या धुळीत तुम्हाला निजवून मी छाती दाबली. हाताखाली बरगडी मोडल्याचं मला कळलं, तरी दाबत राहिले. किसननं शेवटी माझे हात धरले.

तेव्हापासून मी दोन्ही बाजूंनी हिशेब घालून बघते. निजवून ठेवलं म्हणून गेलात? की चालवलं म्हणून? त्या तीन मिनिटांत आडवं केलं असतं तर? की नळीच अशी बंद झाली होती, की सरावलेल्या पेशींनासुद्धा काही करता आलं नसतं? मला शिकवलेल्या पुण्याच्या प्राध्यापकांना मी पत्र लिहिलं आहे. टेकडीचं, विहिरीचं, कार्डिओग्रामचं, सगळं. पहिल्या चढाचं दुखणं दुसऱ्या चढाला हृदयाला वाचवू शकतं का, असं स्पष्ट विचारलं आहे. उत्तर येईल तेव्हा येईल. कदाचित तेही लिहितील की पेशी शिकत नसतात.

काल हलिमाभाभींना भेटायला गेले होते. त्या नवऱ्यामागच्या इद्दतीत आहेत, घराबाहेर पडत नाहीत. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. त्यांनी चहा केला, आपण होऊन दोन घरं पलीकडच्या बाळंतिणीची चौकशी केली. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बाई, एक इचारू?"

"विचारा."

"त्यांनी कवाच कुनाचं ऐकलं न्हाई. माजं न्हाई, बापाचं न्हाई. तुमचंच तेवढं ऐकलं, दीड म्हैना पडून ऱ्हायले. मी इचारलं त्यांना, का ऐकता? तर म्हनाले, बाईंना जे ठाऊक न्हाई ते त्या सरळ ठाऊक न्हाई म्हनत्यात. आन् ह्या वक्ताला त्या म्हनाल्या, यात शंका न्हाई. म्हंजे त्यांना पक्कं ठाऊक असनार."

माझ्या हातात बशी होती. ती मी खाली ठेवली.

त्या वाट बघत होत्या. मला वाटतं, त्यांना फक्त हो ऐकायचं होतं, म्हणजे तुमचा दीड महिना फुकट गेला नाही असं त्यांना धरून बसता आलं असतं. मी हो म्हणाले. भाभींच्या तोंडावरचा ताण थोडा सैल झाला, त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि मला दारापर्यंत पोचवलं.

त्यांना खोटं सांगितलं, चाँदभाई. तुम्हाला तरी आता सांगते. मला ठाऊक नव्हतं.